भिवंडीच्या गोदामातला डबा

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीला निघालात, की बाळकुम सोडल्यावर खाडीवरचा कशेळीचा पूल लागतो. पुलाखाली उल्हास नदीचे खारे पाणी आणि काठाला तिवरांची झुडपे. पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, कोपर, पूर्णा, राहनाळ अशी गावे एकामागून एक येतात आणि अंजूर फाट्यावरून रस्ता भिवंडीत शिरतो. गावांची नावे फक्त पाटीवर वाचायची. डोळ्यांना दिसतात ती गोदामे. पत्र्याची उंच छपरे, लोखंडी शटर, आणि दारात पाठ लावून उभे असलेले ट्रक. अंजूर फाट्याच्या गर्दीत सकाळी सापडलात तर खुशाल शिदोरी सोडून बसा, घाई करून उपयोग नाही.

भिवंडी म्हटली की आपल्या जुन्या माणसांना माग आठवतो. कामवारी नदीकाठचे हे गाव विणकरांचे. आधी हातमाग, मग यंत्रमाग. आजही गल्लीत शिरलात की खटखट ऐकू येते आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. पण आज तुम्हाला नेतो आहे ते मागांच्या गल्लीत नव्हे, गावाबाहेरच्या गोदामांत. कारण तुमच्या घरात भिंतीवर जो वायफायचा डबा लुकलुकतो आहे, किंवा येत्या दिवाळीला जो घ्यायचा तुमच्या पोराने हट्ट धरला आहे, त्यातले पुष्कळ डबे याच रस्त्याने येतात.

मुंबईला इतके जवळ असून मुंबईच्या हद्दीबाहेर, हे भिवंडीचे मोठे भांडवल. मुंबई महापालिका शहरात येणाऱ्या मालावर जकात घेत असे. व्यापाऱ्याने हिशेब केला, की माल हद्दीबाहेर ठेवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा. भिवंडीच्या भोवतालच्या गावांत ग्रामपंचायतीचा कारभार, जमीन स्वस्त आणि नाशिकचा हमरस्ता दाराशी. मानकोली, वळ, दापोडे, गुंदवली या गावांतली भातखाचरे एकेक करून भराव घालून वर आली. काहींनी जमीन विकली आणि पैसा आला तसा गेला. काही शहाण्या शेतकऱ्यांनी जमीन हातची सोडली नाही, स्वतःच गाळे बांधले आणि आज भाडे खातात. भाताच्या खंडीचा हिशेब करणाऱ्या घरात आता चौरस फुटाचा हिशेब चालतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. तेव्हा वाटले होते, आता गोदामे उठणार. उलट झाले. प्रत्येक राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची व्यापाऱ्याची गरज संपली, आणि मोक्याच्या जागी एकच मोठे बांधणे परवडू लागले. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांची मोठी गोदामे इथेच आहेत. आता तर समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोकही भिवंडी तालुक्यातल्याच आमणे गावी आहे. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला.

न्हावा-शेवा बंदर इथून पन्नास-साठ किलोमीटरवर. परदेशातून आलेला माल कंटेनरमधून तिथे उतरतो, इथे येऊन फुटतो, आणि इथून नाशिक, जळगाव, सोलापूर, लातूरच्या दुकानांत जातो. म्हणून राउटरचे खोके हाती आले की आधी त्याच्या पाठीवरची चिकटपट्टी वाचा. वेष्टनातल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, माल कोणत्या देशात बनला ते, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या पत्त्यात ‘तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे’ असे शब्द दिसले तर नवल वाटू देऊ नका.

त्या पत्त्याकडे जरा नीट पाहा, कारण आजचा विषय पत्त्याचाच आहे. भिवंडीतल्या गोदामाचा पत्ता कसा असतो? अमुक कंपाउंड, इमारत ब-३, गाळा नंबर ७. ट्रकवाल्याच्या बिल्टीवर नुसते कंपाउंडचे नाव असेल तर तो फाटकाशी अडतो. फाटकावरचा वॉचमन वहीत पाहतो, आत फोन लावतो, मग सांगतो, ‘डावीकडे घ्या, तिसरी इमारत.’ कंपाउंडमध्ये शंभर गाळे, पण बाहेरच्या जगाला ठाऊक असलेले नाव एकच. आतून बाहेर जाणारा माल बिनबोभाट जातो. बाहेरून नेमक्या एका गाळ्यात शिरायचे म्हटले, की वॉचमनशिवाय पान हलत नाही.

तुमच्या घरच्या इंटरनेटचे हुबेहूब असेच चालले आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर लागतो. त्या नंबरावर माल, म्हणजे चित्र, आवाज, मजकूर, येतो-जातो. जुन्या पद्धतीत असे नंबर सुमारे ४२९ कोटी आहेत. एके काळी ते उदंड वाटले. पण जगाची माणसे आठशे कोटींवर गेली आणि एकेका माणसाकडे दोन-तीन यंत्रे आली. १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या आशिया खंडाच्या वाट्याचा शेवटचा गठ्ठा उघडावा लागला आणि तेव्हापासून रेशनवर वाटप सुरू झाले. मग कंपन्यांनी युक्ती केली. तुमच्या घरातले चार मोबाईल, टीव्ही आणि कॅमेरा एकाच नंबरामागे दडवले. तुमचा राउटर म्हणजे तो वॉचमन. तेही पुरेना, तेव्हा कंपनीने शेकडो घरे मिळून आणखी एका नंबरामागे घातली. झाली दोन फाटके, एक तुमच्या घराचे आणि एक कंपनीचे.

यावर तोड काढून ठेवली होती ती आधीच. डिसेंबर १९९८ मध्ये नव्या पत्त्यांची पद्धत कागदावर आली. तिला आयपीव्ही सिक्स म्हणतात, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती. जुनी ती चौथी. नव्या पद्धतीतल्या नंबरांची मोजदाद करायची तर ३४० लिहून पुढे ३६ शून्ये काढायची. एकट्या तुमच्या घराच्या वाट्याला येणारे नंबर जुन्या पद्धतीतल्या साऱ्या जगाच्या नंबरांहून कितीतरी पट जास्त असतात. गोठ्यातला कॅमेरा, विहिरीवरचे यंत्र, आजीचा मोबाईल, ज्याचा त्याचा स्वतंत्र गाळा नंबर. सातबाऱ्यावर प्रत्येक भावाचा हिस्सा वेगळा दाखवावा, तसे. ६ जून २०१२ रोजी जगातल्या मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत कायमची चालू केली.

आता गंमत ऐका. यात आपला देश मागे नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. ते जाळे नव्यानेच उभारलेले, जुने ओझे डोक्यावर नाही, म्हणून त्यांनी मोबाईलला पहिल्यापासून नवे पत्ते दिले. पाठोपाठ इतरही आले. आज भारतातला इंटरनेटचा वापर शंभरात सत्तरीच्या आसपास नव्या पत्त्यांवरून होतो आणि या बाबतीत आपण जगात अगदी पुढच्या रांगेत आहोत. बांधावर बसून भाव बघणाऱ्या शेतकऱ्याचा मोबाईल बहुधा नव्या पत्त्यावर असतो, आणि घरात पैसे मोजून तारेने आणलेले वायफाय मात्र जुन्यावर अडलेले असते. मोबाईलमध्ये सगळे कंपनीच्या हाती. तारेच्या कामात तीन धनी असतात: माल देणारी कंपनी, गावातला केबलवाला आणि भिंतीवरचा डबा. तिघांपैकी एक अडला की काम अडले.

सरकारने याकडे पाहिले नाही असे नाही. दूरसंचार विभागाचा पहिला आराखडा जुलै २०१० चा. नोव्हेंबर २०२१ मध्ये विभागाने नवे वेळापत्रक दिले. ३१ डिसेंबर २०२२ नंतर तारेने दिलेली प्रत्येक नवी घरगुती जोडणी नव्या पत्त्यांना चालणारी असावी, आणि कंपनीने स्वतः बसवलेले जुने डबे बदलण्याचा किंवा सुधारण्याचा तिने प्रयत्न करावा, असे त्यात होते. ही तारीख लक्षात ठेवा. केबलवाला ‘आमच्याकडे ते नाही चालत’ म्हणाला तर त्याच्यापुढे ठेवायला बरी पडते.

तुम्ही म्हणाल, आमचे यावाचून काय अडले? व्हिडिओ दिसतो, पोरांचा अभ्यास होतो. खरे आहे, आज फारसे अडत नाही. जुने आणि नवे दोन्ही पत्ते शेजारी शेजारी चालतात आणि आणखी पुष्कळ वर्षे चालतील. अडते ते बाहेरून घरात यायचे असेल तेव्हा. गोठ्यात कॅमेरा बसवला आणि बाजाराच्या गावाहून मोबाईलवर म्हैस बघायची म्हटली, तर मध्ये ती दोन फाटके. मग कॅमेऱ्याची कंपनी मध्यस्थ होते. तुमच्या गोठ्याचे चित्र आधी तिच्या यंत्राकडे जाते आणि तिथून तुमच्या मोबाईलवर येते. अडत्याशिवाय माल विकायचाच नाही, असला हा प्रकार. अडत्या चांगला असेल तोवर ठीक. त्याने उद्या महिन्याची फी लावली किंवा दुकान बंद केले तर कॅमेरा आंधळा. नव्या पत्त्याने थेट वाट मिळू शकते. ‘शकते’ म्हणालो, कारण कॅमेऱ्यालाही नवा पत्ता समजला पाहिजे, आणि स्वस्तातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांना तो समजत नाही. कॅमेरा घेतानाही हे विचारून घ्यावे. दुसरा एक त्रास लहान आहे पण रोजचा. एका नंबरामागे शेकडो घरे असली, की त्यातल्या कोणी आगळीक केली तर संशय सगळ्यांवर येतो. ‘तुम्ही यंत्र नाही ना?’ असे विचारून मोटारी आणि सिग्नलची चित्रे निवडायला लावतात, ते बऱ्याचदा यामुळे.

आता किमतीकडे वळू, कारण बायामाणसांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो रास्त आहे. एक अँटेना-दोन अँटेनांचा साधा राउटर हजार-बाराशेला मिळतो. दोन लहरींवर चालणारा दीड ते अडीच हजारांपर्यंत. वायफाय सिक्स नावाचा नवा प्रकार साधारण तीन हजारांपासून पुढे. या किमतीत १८ टक्के कर धरलेला असतो. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीवर जाऊ नका. ती पुष्कळदा दीडपट-दुप्पट असते आणि ‘तुमच्यासाठी निम्म्यात देतो’ म्हणायला दुकानदाराला सोयीची पडते.

याच ठिकाणी फसगत होते. ‘सिक्स’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. वायफाय सिक्स वेगळे आणि आयपीव्ही सिक्स वेगळे. पहिला प्रकार हवेतून जाणाऱ्या लहरींचा. त्याला चांगल्या चकत्या आणि जास्त अँटेना लागतात, म्हणून तो महाग. दुसरा पत्ते लिहिण्याचा. ते काम डब्याच्या आतल्या सूचनांचे आहे, त्याला वेगळा सुटा भाग लागत नाही. म्हणून आज बाजारात असलेल्या हजार रुपयांच्या नव्या राउटरमध्येही आयपीव्ही सिक्स बहुधा असतेच. त्यासाठी चार हजार मोजायचे कारण नाही. नव्या पत्त्याच्या नावाखाली कोणी महागडा डबा गळ्यात बांधत असेल तर त्याला सरळ विचारा, ‘यातला सिक्स कोणता?’

जाड दगडी भिंतीच्या आपल्या घरांना महागड्या डब्याचा उपयोगही बेताचाच. दोनपैकी जी लहर वेगवान असते ती भिंतीत अडते. ओसरीपासून परसापर्यंत पोचते ती जुनी, संथ लहरच. घरात चार माणसे आणि जोडणी साध्या वेगाची असेल तर मधल्या किमतीचा डबा पुष्कळ झाला. राहिलेल्या पैशात बारा व्होल्टचा छोटा बॅटरी-यूपीएस घ्या. हजार-दीड हजारात येतो. खेड्यात वीज जाते तेव्हा मोठ्या इन्व्हर्टरवाचून राउटर दोन-तीन तास चालतो. मात्र डब्याच्या ॲडाप्टरवर किती व्होल्ट लिहिले आहेत ते बघून घ्यावा, काही डबे नऊ व्होल्टचे असतात. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की प्लग काढून ठेवा, हे सांगायला नकोच.

फायबरची जोडणी असेल तर घरात दोन कामे असतात. काचेच्या तारेतला उजेड ओळखणारा एक डबा आणि वायफाय पसरवणारा दुसरा. आता बऱ्याचदा दोन्ही एकातच येतात. हा डबा केबलवाला देतो, दुकानात तुम्ही निवडत नाही. जुन्या मालाचा भरणा असतो तो इथेच. एका गिऱ्हाइकाने जोडणी तोडली की त्याचा डबा पुसून दुसऱ्याला बसवतात. यात अधर्म काही नाही, डबा चांगला असला तर. पण डब्याच्या पोटाशी एक चिकटपट्टी असते, तिच्यावर मॉडेल नंबर आणि कधी कधी महिना-वर्षही असते. आठ-दहा वर्षांचा डबा नव्याच्या किमतीत गळ्यात येत असेल तर तो परत द्या. अशा म्हाताऱ्या डब्यांचा शेवट काय होतो तेही भिवंडीकडे दिसते. गोदामांच्या मागच्या अंगाला भंगाराचे गाळे आहेत. मागाचे जुने लोखंड, पुठ्ठा, प्लॅस्टिक, वायरींची भेंडोळी, फुटके डबे, सगळे किलोवर. पुढच्या दाराने नवे खोके येते आणि मागच्या दाराला जुने वजनावर जाते.

राउटर घ्यायला मुद्दाम भिवंडीला जावे काय? मुळीच नको. गोदाम म्हणजे दुकान नव्हे. तिथे एकेक नग विकत नाहीत. माल पेट्यांनी जातो आणि फाटकावरचा वॉचमन तुम्हाला नमस्कार करून परत पाठवील. तालुक्याच्या गावी ओळखीच्या दुकानातून पक्के बिल घेऊन घ्या, म्हणजे हमीच्या काळात बदलून मिळतो. घरबसल्या मागवलात तर शंभर-दोनशे वाचतील. पण डबा बिघडला तर परत पाठवायचा खटाटोप तुमचा.

घरचा पत्ता नवा आहे की जुना, हे कळायला दमडी लागत नाही. इंटरनेटवर ‘टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम’ नावाचे पान आहे, इंग्रजी अक्षरांत टाकायचे. आधी मोबाईलचे वायफाय बंद करून सिमकार्डावर ते उघडा. पान दहापैकी गुण देते, बहुतेक ठिकाणी दहा येतील. मग वायफाय चालू करून पुन्हा उघडा. इथे शून्य आले तर घरच्या तारेला नवा पत्ता नाही. लगेच नवा डबा आणायला धावू नका. पुष्कळ राउटरमध्ये सोय असते, पण कारखान्यातून ती बंद होऊन येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला राउटरचे पान उघडायला सांगा, तिथे आयपीव्ही सिक्सची वेगळी खूण असते ती चालू करायला सांगा, डबा बंद करून पुन्हा सुरू करा आणि चाचणी परत घ्या. तरीही शून्य असेल तर केबलवाल्याला विचारा, ‘तुमच्या तारेतून नवे पत्ते येतात का?’ येत नसतील तर तुम्ही कितीही भारी राउटर आणा, काही फरक पडणार नाही.

त्याच पानावर असताना दोन गोष्टी करून घ्या. कारखान्यातून आलेला ‘ॲडमिन’ हा परवलीचा शब्द बदला. आणि ‘फायरवॉल’ असे लिहिले असेल ती चालू ठेवा. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळाला, की वॉचमनची जुनी आडकाठी राहत नाही. मग दाराला कडी आपण लावायची. कॅमेऱ्यापुरती वाट मोकळी करायची असेल तर तेवढीच करावी, तीही जाणत्याकडून, आणि कॅमेऱ्याचा परवलीचा शब्दही बदलून.

केबलवाले हल्ली सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. ते हातावर ठेवण्याआधी ही चाचणी त्याच्यासमोर, तुमच्या ओसरीवर करा. पावतीवर डब्याचा मॉडेल नंबर लिहून घ्या, आणि डबा विकत दिला की वापरायला दिला तेही लिहून घ्या. जोडणी बंद करायच्या दिवशी भांडण होते ते याच एका ओळीवरून.